वॉशिंग्टनचे पाषाण आणि गाणारे कंठ

कोणत्याहि राजधानीच्या शहरांत पाऊल टाकलें कीं पुतळ्यांची गांठ पडल्यावांचून राहत नाहीं. राज्यें स्थापणारे, लढाया जिंकणारे, कायदे करणारे असे नाना पुरुष घोड्यावर, खुर्चीवर किंवा नुसते चबुतऱ्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहत असतात. प्रवासी क्षणभर थांबतो, खालचीं अक्षरें वाचतो आणि पुढें चालूं लागतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची राजधानी वॉशिंग्टन ही तर स्मारकांचीच नगरी आहे. तेथें आम्ही कांहीं दिवस राहिलों. तेवढ्या मुदतींत एक गोष्ट मनांत पक्की झाली ती ही कीं, स्मारकावर कोण आहे हें जितकें पाहावें, तितकेंच त्यावर कोण नाहीं हेंहि पाहावें. ही दृष्टि आम्हांस एका संगीतिकेनें दिली. म्हणून प्रस्तुत लेखांत स्थलवर्णन व संगीत ह्यांची थोडी सरमिसळ झाली आहे; ती वाचक गोड करून घेतील अशी आशा आहे.

वॉशिंग्टनची आखणी १७९१ सालीं लाँफाँ नांवाच्या फ्रेंच स्थापत्यकारानें केली. एका टेकाडावर कॅपिटल, म्हणजे विधिमंडळाचें घुमटदार भवन. तेथून पश्चिमेस लिंकनच्या स्मारकापर्यंत सुमारें दोन मैल, म्हणजे आपल्याकडचा एक कोस, सरळ हिरवळ पसरली आहे. हिला नॅशनल मॉल म्हणतात; बाजाराशीं ह्या शब्दाचा तेथें कांहीं संबंध नाहीं. वाटेंत जॉर्ज वॉशिंग्टनच्या नांवें उभारलेला ५५५ फूट उंचीचा पांढरा स्तंभ आहे. त्याकडे नीट निरखून पाहिलें तर सुमारें दीडशें फुटांवर दगडाचा रंग बदललेला दिसतो. १८४८ सालीं सुरू झालेलें काम पैशाअभावीं थांबलें, पुढें यादवी युद्ध झालें, आणि पुन्हां काम सुरू झालें तेव्हां निराळ्या खाणीचा दगड वापरावा लागला. स्तंभ पुरा झाला तो १८८४ सालीं. मध्यंतरीं देश दुभंगला होता ही गोष्ट त्या रंगाच्या सांध्यानें आपोआप नोंदून ठेवली आहे. बहुतेक स्मारकें मात्र इतकीं प्रामाणिक नसतात.

पोटोमॅक नदीच्या कांठीं एक भव्य रंगमंदिर आहे. अध्यक्ष जॉन एफ. केनेडी ह्यांचें जिवंत स्मारक म्हणून तें बांधण्यांत आलें व १९७१ सालीं उघडलें. पुतळा उभारण्याऐवजीं रोज नाटक आणि गाणें होत राहावें, अशी त्यामागील कल्पना. ह्या रंगमंदिराच्या पन्नासाव्या वर्षाच्या निमित्तानें, त्या वेळीं तेथें वास्तव्यास असलेल्या वॉशिंग्टन नॅशनल ऑपेरा ह्या मंडळीनें ५ मार्च २०२२ रोजीं एक नवा खेळ रंगभूमीवर आणला. त्याचें नांव ‘रिटन इन स्टोन’, म्हणजे पाषाणांत कोरलेलें. चार वेगवेगळ्या जोड्यांनीं रचलेल्या चार लहान संगीतिका त्यांत एकत्र गुंफल्या होत्या, आणि विषय होता राजधानींतील स्मारकांचा. रचनाकारांत कृष्णवर्णी होते, चिनी वंशाचे होते, आणि कमला शंकरम् ह्या भारतीय वंशाच्या बाईहि होत्या. ज्यांच्या आजोबा-पणजोबांचे पुतळे त्या हिरवळीवर सहसा आढळणार नाहींत, अशा मंडळींस बोलावून ‘ह्या दगडांविषयीं तुम्हांस काय वाटतें तें गाऊन सांगा’ असें म्हटल्यासारखेंच तें होतें. हा खेळ प्रत्यक्ष पाहण्याचा योग आम्हांस आला नाहीं. परंतु त्यांतील कथावस्तु समजून घेऊन तीं तीं स्थळें आम्हीं पायीं हिंडून पाहिलीं.

येथें संगीतिकेविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणल्यापासून संगीत नाटकाची गोडी आपल्या घराघरांत आहे. तथापि पाश्चात्यांचा ऑपेरा आणि आपलें संगीत नाटक ह्यांत मोठें अंतर आहे. आपल्या नाटकांत गद्य संवाद चालतात आणि भाव दाटून आला कीं पात्र पद म्हणूं लागतें. तेवढा वेळ बाकीचीं पात्रें तिष्ठत उभीं राहतात. ऑपेरांत बहुधा सर्वच गाऊन चालतें, आणि साथीस मोठा वाद्यवृंद असतो. दुसरा भेद अधिक महत्त्वाचा. आपलें संगीत एका स्वरधारेचें. पाश्चात्य संगीत अनेक स्वरधारांच्या मेळाचें. त्यामुळें ऑपेरांत तीन-चार पात्रें एकाच वेळीं, निरनिराळे शब्द, निरनिराळ्या चालींवर गातात, आणि तरी गोंधळ न होतां त्यांतून एक सुसंगत नाद निघतो. व्हर्डीच्या ‘रिगोलेट्टो’ ह्या १८५१ सालच्या संगीतिकेंतील चौघांचें गाणें ह्याचें सुप्रसिद्ध उदाहरण आहे: भिंतीच्या एका बाजूस एक लंपट सरदार गोड बोलत आहे, एक स्त्री त्यास हंसत आहे, दुसऱ्या बाजूस फसलेली कन्या रडत आहे आणि तिचा बाप सुडाची प्रतिज्ञा करीत आहे. गद्य नाटकांत चौघे एकदम बोलूं लागले तर बाजार होईल. येथें चौघांचेंहि ऐकूं येतें, आणि एकाच्या आवाजानें दुसऱ्याचा आवाज बुजत नाहीं.

स्मारकांच्या प्रश्नाशीं ह्या गोष्टीचा निकट संबंध आहे. पुतळा एका क्षणाचा व बहुधा एकाच बाजूचा असतो. सेनापति घोड्यावर बसला कीं तो कायमचा बसला. त्याच्या घोड्यास दाणापाणी देणारा, त्याच्या विजयानें घरदार गमावलेला, त्याची वाट पाहत दिवे लावणारी, ह्यांना त्या चबुतऱ्यावर जागा नसते. संगीतिकेंत त्याच सेनापतीशेजारीं ह्या सगळ्यांना उभें करतां येतें, आणि त्याचा आवाज बंद न करतांहि त्यांचा आवाज ऐकवितां येतो. ही सोय दगडाच्या ठिकाणीं नाहीं.

आतां लिंकनच्या स्मारकाकडे वळूं. हेन्री बेकन ह्यानें रचलेलें हें मंदिर ग्रीक धर्तीचें असून त्यास भोंवतीं छत्तीस खांब आहेत; लिंकनच्या मृत्यूसमयीं संयुक्त संस्थानांची संख्या तितकी होती. आंत डॅनियल चेस्टर फ्रेंच ह्यानें घडविलेली एकोणीस फूट उंचीची बैठी मूर्ति. मुद्रा थकलेली, एक मूठ आवळलेली, दुसरा हात सैल. पायऱ्या चढून गेल्यावर माणूस नकळत हळू बोलूं लागतो. असें हें पवित्र स्थान ३० मे १९२२ रोजीं उघडलें, त्या दिवशीं काय झालें तें मात्र त्या भिंतींवर लिहिलेलें नाहीं. गुलामांस मुक्त करणाऱ्या ह्या पुरुषाच्या स्मारकाच्या समारंभास आलेल्या कृष्णवर्णी निमंत्रितांस वेगळ्या, दूरच्या भागांत बसविण्यांत आलें. टस्कीगी विद्यालयाचे प्रमुख रॉबर्ट मोटन ह्या कृष्णवर्णी विद्वानांस व्यासपीठावर बोलावलें होतें. परंतु त्यांचें भाषण आधीं मागवून घेऊन त्यांतील तिखट भाग चालकांनीं गाळावयास लाविला. मूर्ति समतेची, आणि बैठक विषमतेची!

ही विसंगति धुवून काढली ती एका गायिकेनें. मॅरियन अँडरसन ही त्या काळची थोर कृष्णवर्णी गायिका. युरोपांतल्या नामांकित श्रोत्यांनीं डोक्यावर घेतलेल्या ह्या बाईस १९३९ सालीं वॉशिंग्टनमधील कॉन्स्टिट्यूशन हॉल ह्या सभागृहांत गाण्यास, सभागृहाची मालकी असलेल्या स्त्रियांच्या संस्थेनें वर्णामुळें मनाई केली. अध्यक्षांच्या पत्नी एलेनोर रूझवेल्ट ह्यांनीं निषेधार्थ त्या संस्थेचा राजीनामा दिला. आणि अंतर्गत खात्याचे मंत्री हॅरल्ड इकिस ह्यांच्या संमतीनें लिंकन-स्मारकाच्या पायऱ्यांवर तिचें गाणें करविण्यांत आलें. ९ एप्रिल १९३९, ईस्टरचा रविवार, हवा गार, समोर पाऊण लाख माणसें, काळीं-गोरीं एकत्र, आणि रेडिओवरून ऐकणारे लाखों निराळेच. तिनें प्रथम एक देशगीत म्हटलें, आणि त्यांतील ‘मी’च्या जागीं ‘आम्ही’ असा पालट केला. पुढें डोनिझेट्टीच्या ‘ला फाव्होरिता’ ह्या संगीतिकेंतील पद, शूबर्टचें भजन, आणि शेवटीं गुलामगिरींत जन्मलेलीं आपल्या लोकांचीं भक्तिगीतें. त्या दिवशीं स्मारकाचा एक दगडहि हलला नाहीं. अर्थ मात्र बदलला. २८ ऑगस्ट १९६३ रोजीं मार्टिन ल्यूथर किंग ह्यांनीं तेथेंच आपलें जगप्रसिद्ध भाषण केलें, आणि त्या दिवशींहि मॅरियन अँडरसन तेथें गायली. किंग जेथें उभे राहिले त्या पायरीवर आतां तसा लेख कोरला आहे. आम्ही त्या पायरीवर उभे राहिलों तेव्हां भोंवतीं शाळेंतील मुलांचा मेळा होता, आणि त्यांतल्या बहुतेकांची पाठ लिंकनकडे व दृष्टि त्या अक्षरांकडे होती.

लिंकनच्या पायऱ्या उतरून डाव्या हातास वळलें कीं झाडींआड व्हिएतनाम युद्धाचें स्मारक लागतें. लागतें असें म्हणण्याचें कारण, तें दुरून दिसतच नाहीं. जमीन चिरून तिची एक बाजू उघडी करावी तशी काळ्या दगडाची भिंत खालीं खालीं जाते; मध्यें तिची उंची सुमारें दहा फूट होते, आणि पुन्हां ती निमुळती होत गवतांत मिसळून जाते. दोन्ही भुजा सुमारें अडीचशें फूट लांब. एक वॉशिंग्टनच्या स्तंभाकडे रोखलेली, दुसरी लिंकनकडे. भिंतीवर अठ्ठावन हजारांहून अधिक मृत व बेपत्ता सैनिकांचीं नांवें आहेत. हुद्दा नाहीं, पदक नाहीं; ज्या क्रमानें माणसें गेलीं त्या क्रमानें नांवें. त्यांत आठ स्त्रियांचीं आहेत. भिंत इतकी घोटलेली आहे कीं नांव वाचणाराचा चेहरा त्या नांवावरच उमटतो. लोक कागद लावून पेन्सिलीनें नांवाचा ठसा उतरून नेतात, भिंतीशीं फुलें, पत्रें, बूट, काय वाटेल तें ठेवतात. हा काळा दगड आपल्या बंगलोरकडून गेलेला आहे, हें ऐकून आम्हांस नवल वाटलें. परमुलखांत मेलेल्या परक्या मुलांचीं नांवें वाहण्यासाठीं आपल्या भूमीचा दगड इतक्या दूर जावा, हा योग विलक्षण खरा.

ही कल्पना १९८१ सालीं मांडली ती माया लिन ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीनें. एकंदर १,४२१ आराखडे आले होते, आणि परीक्षकांपुढें ते नांवांवांचून ठेवले होते. निकाल लागला आणि विजयी नांव चिनी आईबापांच्या मुलीचें आहे असें कळलें, तेव्हां कित्येकांचें पित्त खवळलें. काळा रंग अपमानाचा, खड्डा पराभवाचा, आणि रचणारी आशियाची, अशा तिन्ही बाजूंनीं ओरड झाली. मुलगी अमेरिकेंतच जन्मली होती, पण तेवढ्यानें भागलें नाहीं. अखेर तडजोड म्हणून जवळच फ्रेडरिक हार्ट ह्याचा तीन सैनिकांचा पुतळा १९८४ सालीं बसविण्यांत आला. आणि शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांचा पुतळा येण्यास १९९३ साल उजाडावें लागलें. ‘रिटन इन स्टोन’मधील ‘द रिफ्ट’ ही संगीतिका ह्याच प्रसंगावर आहे. पद्यें डेव्हिड हेन्री ह्वांग ह्यांचीं व संगीत हुआंग रुओ ह्यांचें. त्यांत ती तरुण मुलगी येते, युद्धाच्या काळचे संरक्षणमंत्री मॅकनामारा येतात, लढून आलेला सैनिक येतो. ज्यांची एकमेकांशीं प्रत्यक्ष गांठ पडून संवाद होणें अवघड, त्यांना संगीत एका जागीं आणतें. भिंतीपुढें उभें राहून आम्हीं ह्याचा विचार केला, तेव्हां आणखी एक उणीव ध्यानांत आली. त्या युद्धांत व्हिएतनामचीं लाखों माणसें मेलीं. त्यांतील एकाचेंहि नांव ह्या भिंतीवर नाहीं. स्मारक अमेरिकन सैनिकांचें, तेव्हां नसणें साहजिक आहे, असें कोणी म्हणेल आणि तें खरेंहि आहे. परंतु दगडास जें साहजिकपणें वगळतां येतें, तें गाण्यानें वगळूं नये, अशी अपेक्षा करण्यास आपण मोकळे आहों.

कॅपिटलचें भवन पाहण्यास एक सकाळ पुरते. घुमटाखालच्या गोल दालनांत मोठमोठीं चित्रें व पुतळे आहेत. त्यांत एक निराळेंच शिल्प दृष्टीस पडतें. पांढऱ्या संगमरवराच्या एकाच ठोकळ्यांतून तीन स्त्रिया कमरेपर्यंत वर आलेल्या आहेत, आणि मागें दगडाचा एक भाग ओबडधोबड तसाच ठेवलेला आहे. ह्या ल्यूक्रेशिया मॉट, एलिझाबेथ केडी स्टँटन आणि सूझन अँथनी. स्त्रियांच्या मतदानाच्या हक्कासाठीं झगडलेल्या. अॅडलेड जॉन्सन ह्या शिल्पकर्तीनें घडविलेलें हें शिल्प १५ फेब्रुवारी १९२१ रोजीं ह्याच दालनांत समारंभानें अनावृत झालें. पाहुणे घरीं गेले, आणि थोडक्याच काळांत तें खालच्या तळघरांत नेऊन ठेवलें. तेथें तें किती वर्षें राहिलें असेल? १९९७ सालापर्यंत! पाऊणशें वर्षांनंतर तें वर आलें, आणि तेंहि वर आणण्याचा खर्च लोकांकडून वर्गणी जमवून झाला. माजघरांत पाठविलेल्या बायकांस ओसरीवर येण्यास किती अवधि लागतो, हें आमच्या वाचक-भगिनींस आम्हीं सांगावयास नको.

कमला शंकरम् ह्यांनीं संगीत दिलेली ‘राइझ’ ही संगीतिका ह्या शिल्पाभोंवतीं रचलेली आहे. पद्यें ए. एम. होम्स ह्यांचीं. एक शाळकरी मुलगी त्या प्रचंड भवनांत वाट चुकते आणि ह्या तीन पाषाणस्त्रियांपाशीं येते, अशी तिची मध्यवर्ती कल्पना. कमलाबाईंनीं पूर्वीं ‘थंबप्रिंट’ ह्या संगीतिकेंत, न्यायासाठीं उभ्या राहिलेल्या मुख्तार माई ह्या पाकिस्तानी ग्रामीण स्त्रीची कथा सांगतांना, आपल्याकडील संगीताचा पाश्चात्य संगीताशीं मेळ घातला होता. परंतु ह्या तीन स्त्रियांच्या विजयांतहि कोणी मागें राहिलें होतेंच. स्त्रियांच्या हक्कासाठीं तितक्याच धीरानें बोललेली, गुलामगिरींतून सुटून आलेली सोजर्नर ट्रूथ त्या दगडांत नाहीं. कृष्णवर्णी स्त्रियांनीं हा प्रश्न लावून धरला, आणि अखेर २८ एप्रिल २००९ रोजीं तिचा अर्धपुतळा कॅपिटलच्या प्रवेशभागांतील दालनांत बसला. कॅपिटलांत मान मिळालेली ती पहिली कृष्णवर्णी स्त्री. वगळलेल्यांनीं आपलें स्मारक उभारतांना आपणहि कोणास तरी वगळतों, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

कॅपिटलच्या पाठीमागें सर्वोच्च न्यायालयाची १९३५ सालीं बांधलेली संगमरवरी इमारत आहे. तिच्या कपाळावर सर्वांस सारखा न्याय देण्याचें वचन कोरलें आहे, आणि तिच्या पायऱ्यांवर दाद मागणाऱ्यांची सदैव वर्दळ असते. कार्लोस सायमन व मार्क बामुथी जोसेफ ह्यांच्या तिसऱ्या संगीतिकेंत ह्या न्यायमंदिराची छाया एका घरावर पडते. बाप धर्मोपदेशक, मुलगा आपल्या आयुष्याविषयीं बापास न रुचणारें सत्य सांगतो, २०१५ सालच्या विवाहविषयक निकालाची ती पार्श्वभूमि आहे. निकाल न्यायालयांत लागतो, पण त्याचा खरा कस घरांतील जेवणाच्या पंक्तींत लागतो, हें कोणत्याहि कुटुंबवत्सल माणसास पटेल. राहिलेली चौथी, अलिशिया हॉल मोरान व जेसन मोरान ह्या जोडप्याची. तिनें खेळाची नांदी होते.

संगीतिकेंत नसलेलें, परंतु आमच्या मतें सर्वांत बोलकें असें एक स्थळ कॅपिटलच्या पूर्वेस मैलभर अंतरावर आहे. त्यास लिंकन पार्क म्हणतात. तेथें १८७६ सालचा एक ब्राँझचा पुतळा आहे: लिंकन उभा, त्याचा हात पुढें पसरलेला, आणि पायाशीं बेड्या तुटलेला एक गुलाम गुडघा टेकून बसलेला. ह्याची पहिली वर्गणी शार्लट स्कॉट ह्या मुक्त झालेल्या स्त्रीनें आपल्या कमाईंतून दिली, पांच डॉलर; पुढचे पैसेहि मुक्त झालेल्या गुलामांनींच दिले. पण मूर्ति कशी असावी हें ठरविलें गोऱ्या चालकांनीं. १४ एप्रिल १८७६ रोजीं अध्यक्ष ग्रँट ह्यांच्यासमोर ती अनावृत झाली, आणि मुख्य भाषण केलें तें एकेकाळीं स्वतः गुलाम असलेल्या फ्रेडरिक डग्लस ह्यांनीं. थोड्याच दिवसांनीं त्यांनीं एका वर्तमानपत्रास पत्र लिहिलें. कोणत्याहि एका स्मारकांत सारें सत्य मावत नाहीं. गुडघे टेकलेला नव्हे, तर आपल्या पायांवर उभा असलेला कृष्णवर्णी मनुष्य मरणापूर्वीं पाहावयास मिळावा. आणि ह्या बागेंत दुसऱ्या स्मारकासहि जागा आहे, असा त्या पत्राचा आशय. हें विसरलेलें पत्र अभ्यासकांच्या हातीं लागलें तें २०२० सालीं, म्हणजे तो पुतळा काढावा कीं ठेवावा ह्यावर रस्त्यांत वाद पेटला असतां! ह्याच पुतळ्याची बोस्टनमधील प्रतिकृति त्याच वर्षाच्या डिसेंबरांत काढून घेण्यांत आली. वॉशिंग्टनमधील मूळ पुतळा मात्र राहिला.

परंतु डग्लस ह्यांची इच्छा त्याआधींच थोडीशी फळास आली होती. १९७४ सालीं त्याच बागेंत मेरी मॅक्लाउड बेथ्यून ह्या कृष्णवर्णी शिक्षिकेचा पुतळा बसला. आधार म्हणून काठी टेकलेली वृद्ध बाई, हातांत वारशाचें पत्र, आणि तें घेण्यास पुढें झालेलीं एक मुलगा व एक मुलगी. ही बाई समोर आली तेव्हां जुना लिंकन कॅपिटलकडे तोंड करून, म्हणजे तिला पाठमोरा, उभा होता. म्हणून सबंध पुतळा फिरवून तिच्यासमोर करण्यांत आला. एका स्त्रीसाठीं राष्ट्रपुरुषानें तोंड फिरविलें, असें दुसरें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं. आम्ही त्या बागेंत बराच वेळ बसलों होतों. मध्यें हिरवळ, मुलें खेळत आहेत, आणि दोन पुतळे एकमेकांकडे पाहत आहेत. कोणी रचनाकारानें ह्या दोघांस, त्या गुडघे टेकलेल्या पुरुषास आणि पांच डॉलर देणाऱ्या शार्लटबाईस कंठ दिला, तर चौघांचें गाणें आपोआपच तयार आहे.

आपल्या देशाची आठवणहि ह्या नगरींत भेटते. मॅसॅच्युसेट्स अॅव्हेन्यूवर आपल्या वकिलातीसमोर गांधीजींचा पुतळा आहे. १६ सप्टेंबर २००० रोजीं अटलबिहारी वाजपेयी ह्यांच्या अमेरिकाभेटींत तो अनावृत झाला. २०२० सालच्या जूनमध्यें ह्या पुतळ्यावरहि कोणीं रंग फासला. आपणांस वंदनीय असलेली मूर्तिहि इतरांच्या प्रश्नांतून सुटत नाहीं, हें तेथें कळतें. गांधीजींवरहि एक संगीतिका आहे. फिलिप ग्लास ह्यांची ‘सत्याग्रह’ ही संगीतिका १९८० सालीं हॉलंडमधील रॉटरडॅम येथें प्रथम झाली. तिचे शब्द भगवद्गीतेंतून घेतलेले असून तीं पात्रें संस्कृतांतच गातात. तीन अंकांवर टॉलस्टॉय, रवींद्रनाथ ठाकूर व मार्टिन ल्यूथर किंग हे तिघे मूक साक्षी म्हणून असतात. ते गात नाहींत. जणूं चालते-बोलते लोक पुतळ्यांच्या डोळ्यांदेखत आपलें काम करीत आहेत. पुतळ्याचा इतका योग्य उपयोग दगडांतहि क्वचित् साधतो.

आतां ह्यावर आक्षेप घेतां येतील, आणि ते घेतले पाहिजेत. पहिला असा कीं, संगीतिका ही स्वतःच श्रीमंतांच्या गादीवर वाढलेली कला. मॅरियन अँडरसनला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरांत पाऊल ठेवण्यास ७ जानेवारी १९५५ उजाडलें. त्या मंडळींत गाणारी ती पहिली कृष्णवर्णी गायिका, आणि तोंवर तिचें ऐन उमेदीचें वय सरलें होतें. ज्या घराचें दार इतकीं वर्षें बंद होतें, त्या घरानें दगडांस उदारपणा शिकवावा काय? आक्षेप खरा आहे. परंतु त्याचें उत्तर कला टाकून देण्यांत नसून दार उघडें ठेवण्यांत आहे. कोणी रचावें, कोणी गावें, आणि कोणास ऐकूं यावें, ह्या तिन्ही ठिकाणीं. दुसरा आक्षेप असा कीं, गाणें हवेंत विरतें, पुतळा राहतो. चार दिवसांच्या खेळानें शतकाचा अन्याय कसा फिटावा? ह्यावर आम्हांस असें वाटतें कीं, विरणें हा गाण्याचा दोष तसा गुणहि आहे. तें टिकावयाचें तर प्रत्येक पिढीस पुन्हां म्हणावें लागतें, आणि पुन्हां म्हणतांना ‘मी’च्या जागीं ‘आम्ही’ घालण्याची संधि मिळते. तिसरी गोष्ट, गाणें झालें म्हणून पुतळा हलवूं नये असें नाहीं. कोठें काढावा लागेल, कोठें फिरवावा लागेल, कोठें शेजार द्यावा लागेल. मात्र त्यापूर्वीं सगळ्यांचें ऐकलेलें असावें.

इतक्या दूरच्या दगडांचा हा विचार आमच्या वाचकांस परका वाटूं नये. आपल्या वाड्यांतहि स्मारकें असतात. ओटीवर पणजोबांची तसबीर, तिला चंदनाचा हार, खालीं पदवी आणि हुद्दा. पणजीची तसबीर पुष्कळ घरीं नसते. तिचें माहेरचें नांव विचारलें तर वडीलधारी माणसेंहि एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. ज्या गड्यानें वाड्याचे चिरे वाहिले, ज्या कुळांनीं पणजोबांच्या शिक्षणाचा पैसा जमिनींतून काढून दिला, ज्या विधवा आत्यानें दोन पिढ्यांचीं मुलें वाढविलीं, त्यांचें त्या भिंतीवर काय आहे? तसबीर उतरवावी असें आम्ही म्हणत नाहीं. पण पहांटेच्या जात्यावर आजी-पणजींनीं स्वतः जुळविलेल्या ओव्या अजून एखाद्या वृद्धेच्या ओठीं असतील. त्या येत्या दिवाळींत सर्व मंडळी जमलीं असतां म्हणवून घ्याव्या आणि उतरून ठेवाव्या. घरीं जन्मभर राबलेल्या माणसासहि बोलतें करावें. कांहीं गोष्टी ऐकावयास कडूहि लागतील.

असो. वॉशिंग्टनला जाणाऱ्यांस एक-दोन सूचना करून हा लेख पुरा करितों. हिरवळीवरील स्मारकें पाहण्यास कांहीं द्यावें लागत नाहीं. पायांत चांगले जोडे आणि हाताशीं दोन दिवस असले म्हणजे झालें. उन्हाळा तेथें दमट व कडक असतो, म्हणून वसंत किंवा शरद ऋतु बरा. कॅपिटलसाठीं सकाळ राखावी. लिंकन पार्ककडे प्रवासी सहसा फिरकत नाहींत, तेथें अवश्य जावें. आणि बंगलोरच्या त्या काळ्या दगडापुढें उभें राहाल तेव्हां एखादें नांव मोठ्यानें वाचावें. आमच्या शेजारीं एक म्हातारे गृहस्थ तसें वाचीत होते, आणि त्यांचें वाचून होईपर्यंत जवळचीं सर्व माणसें गप्प उभीं होतीं.